पुरात गेलेल्या फायली

पुण्याच्या नारायण पेठेतल्या जुन्या घरात एखादं खरेदीखत, एखादी पत्रिका किंवा बंद पडलेल्या छापखान्याची हिशेबवही मागा; एक उत्तर अजूनही हमखास मिळतं : ‘ते पुरात गेलं.’ १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी काठच्या पेठांत शिरलं. नारायण पेठ तर नदीला लागूनच. तळमजल्यावरच्या ट्रंका, कपाटं, कागदांची गाठोडी, सगळ्याचा लगदा झाला. त्यामुळे हे उत्तर पुष्कळदा खरंच असतं, आणि उत्तर म्हणूनही ते चांगलं आहे. वस्तू होती, ती अमुक दिवशी गेली, अमुक कारणाने गेली, एवढं सगळं तीन शब्दांत कळतं. अडचण अशी, की त्या पुराच्या नावावर नंतरचंही बरंच काही खपलं. वाटणीत कुणा काकांनी नेलेलं दप्तर, दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याकडे गेलेला गठ्ठा, वाचायला म्हणून नेलेली आणि परत न आलेली पोथी, सगळं पुरातच गेलं. पुराचं नाव निघालं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

हातातली पुस्तिका तो पुढचा प्रश्न विचारायला शिकवते. विषय कागदांचा नाही, प्रोग्रॅमच्या फायलींचा आहे. एका व्हर्जन कंट्रोलमधून दुसऱ्यात इतिहास नेताना ज्या फायली मिळत नाहीत त्यांचं काय करायचं, एवढाच. ऐकायला हा विषय फार आखूड वाटेल. मलाही प्रस्तावना लिहायला घेईपर्यंत यावर आठ-दहा पानं पुरतील असं वाटत होतं. दोघा लेखकांनी दीडशे पानं लिहिली आहेत आणि त्यात पाल्हाळ नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी आपल्या कामाचा सगळा इतिहास एका कोठारात ठेवतात, त्याला रेपो म्हणायची पद्धत आहे. कोणी, कधी, कोणत्या ओळी बदलल्या आणि कशासाठी, हे प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे बदलांचा एकेक टप्पा जमा करताना, तिथे नोंदलं जातं. गिऱ्हाइकाला आवृत्ती दिली की त्या क्षणाला टॅग लावतात, म्हणजे तीच आवृत्ती पुन्हा कधीही काढता येते. हे काम करणारी साधनं मात्र ठरावीक काळाने बदलत आली. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस लिहिलं. पुढे पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. त्याच्या खांद्यावर डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये सीव्हीएस उभं केलं. सबव्हर्जनची पहिली पक्की आवृत्ती २००४ ची, आणि गिट एप्रिल २००५ चं. विंडोजवर काम करणाऱ्या लहान कंपन्यांत मधली बरीच वर्षं व्हिज्युअल सोर्ससेफ चाललं. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणी तरी जुना इतिहास नव्या जागी नेला, आणि प्रत्येक वेळी काही फायली वाटेत राहिल्या.

आमच्या भागात याची गरज कोणाला पडते? आप्पा बळवंत चौकातले पुस्तकविक्रेते, गल्लीबोळांतले छापखाने, बाइंडर, पतसंस्था ही इथल्या लहान सॉफ्टवेअरवाल्यांची पहिली गिऱ्हाइकं. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं बिलिंग, मग व्हिज्युअल बेसिक, मग आणखी काही. केसरीवाड्याच्या आसपास भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारी अशी ऑफिसं मी पुष्कळ पाहिली. एकात काही वर्षं कामही केलं. या मंडळींना इतिहासाचं कौतुक नसतं आणि असायचं कारणही नाही. पण १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि जुन्या वर्षांच्या विक्रीकराची प्रकरणं त्यानंतरही चालूच राहिली. एखाद्या दुकानदाराला नोटीस येते आणि तो विचारतो, ‘तुमच्या प्रोग्रॅमने त्या साली कर असा कसा काढला?’ तेव्हा त्या सालचा टॅग उघडावा लागतो. टॅग उघडतो, पण दर ठरवणारी फाइलच त्यात नसते. प्रोग्रॅम चालत नाही, आणि दुकानदार फोनवर असतो.

फाइल नाही म्हणजे नेमकं काय झालं, हे ओळखण्यात निम्मं काम असतं. पुस्तिकेचा सगळ्यात उत्तम भाग तोच आहे.

सीव्हीएसचंच घ्या. तिथे प्रत्येक फाइलीचा इतिहास स्वतंत्र असतो. मूळ नावाला स्वल्पविराम आणि ‘व्ही’चं शेपूट लावलेली एक फाइल सर्व्हरवर असते आणि तिच्यात सगळे बदल साठवलेले असतात. फाइल रीतसर काढली, तर ती शेपटीची फाइल ‘ॲटिक’ नावाच्या फोल्डरात जाते आणि शेवटच्या नोंदीवर ‘मृत’ असा शेरा पडतो. म्हणजे आजच्या यादीत ती नाही, पण कालच्या टॅगमध्ये आहे. इथपर्यंत ठीक. गडबड होते ती सर्व्हरवर हात घालणाऱ्यामुळे. डिस्क भरली म्हणून कोणी शेपटीची फाइलच उडवली की ती आजच्याबरोबर आजवरच्या सगळ्या आवृत्त्यांतून एकदम नाहीशी होते. त्याची नोंद कुठेही राहत नाही. रूपांतर करणारं साधन अशा वेळी एक अक्षर बोलत नाही, कारण त्याच्या लेखी ती फाइल कधी नव्हतीच.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. सीव्हीएसमध्ये फाइलीचं नाव किंवा जागा बदलायची सोय नव्हती. म्हणून लोक सर्व्हरवर जाऊन शेपटीची फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात सरकवायचे. इतिहास टिकतो, सगळे खूश. पण आता १९९९ चा टॅग काढला तर ती फाइल २००२ मध्ये बनवलेल्या फोल्डरात उगवते, आणि १९९९ ची मेकफाइल, म्हणजे प्रोग्रॅम बांधायची कृती, तिला जुन्या जागी शोधत बसते. फाइल हरवलेली नाही, काळाच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसली आहे. फ्रीबीएसडी प्रकल्पात हे काम शिस्तीने व्हायचं : शेपटीच्या फाइलीची नक्कल नव्या जागी करायची, जुनी रीतसर काढायची, आणि नकलेवरचे जुने टॅग पुसायचे. ही शिस्त छोट्या ऑफिसात कोण पाळणार? तिथे शेपटीची फाइल सरकवणारा मुलगा सहा महिन्यांत हिंजवडीला निघून गेलेला असतो.

कधी एकाच नावाची फाइल ॲटिकमध्येही असते आणि बाहेरही. सीव्हीएसटूएसव्हीएन नावाचं रूपांतराचं साधन तिथे चक्क थांबतं आणि निर्णय माणसावर सोडतं. मला हे फार आवडतं. जे साधन अडतं त्याच्यावर विश्वास ठेवावा. जे सगळं निमूट गिळतं त्याच्यावर नजर ठेवावी.

सोर्ससेफमध्ये आणखी निराळा मासला. फाइल काढताना तिथे एक चौकट यायची, तिच्यात ‘कायमची नष्ट करा’ असा पर्याय होता. त्यावर खूण केली की जुन्या लेबलांतूनही ती फाइल जायची. सर्व्हरवरच्या फोल्डरात पाहावं तर आठ अक्षरी अर्थहीन नावांच्या फायली, त्यांतली कोणती कोणाची हे एका वेगळ्या यादीवरून कळायचं. ती यादी बिघडली की आहे तेही ओळखू येत नाही.

सबव्हर्जनमध्ये सगळ्या झाडाला एकच क्रमांक असल्यामुळे असले घोळ पुष्कळ कमी झाले. पण तिथून निघतानाचे घोळ वेगळे आहेत. एका रेपोत पाच गिऱ्हाइकांचे प्रकल्प आहेत, त्यांतला एकच वेगळा काढायचा म्हणून डंपला, म्हणजे सगळा इतिहास ओतून काढलेल्या फाइलीला, चाळणी लावली, आणि त्या प्रकल्पातली एक फाइल कधी काळी शेजारच्या प्रकल्पातून कॉपी केलेली निघाली, तर काम अर्ध्यात अडतं : कॉपीचा उगमच चाळणीबाहेर राहिला. तेही एक वेळ परवडलं, कारण ते कळतं तरी. सबव्हर्जनमधून गिटमध्ये नेणाऱ्या गिट-एसव्हीएनला ‘ट्रंक, ब्रँचेस, टॅग्ज अशी नेहमीची मांडणी आहे’ असं सांगितलं की त्या तीन फोल्डरांबाहेरचं सगळं ते मुकाट्याने मागे ठेवतं. एक्स्टर्नल्स म्हणून जोडलेले दुसऱ्या रेपोतले फोल्डर येत नाहीत. रिकामा फोल्डर तर गिट ठेवतच नाही. जुना बिलिंग प्रोग्रॅम छपाईआधी ‘टेंप’ फोल्डरात फाइल लिहायला जातो, फोल्डर नाही म्हणून कोसळतो, आणि दोन दिवस सगळे हरवलेली फाइल शोधत बसतात.

आता खास आपल्या मराठीचं एक दुखणं. पुस्तिकेत त्यावर छोटंसं प्रकरण आहे, ते मोठं असतं तरी चाललं असतं. समजा, विक्रेत्यांच्या दरपत्रकांच्या फायलींना गावांची नावं दिली आहेत आणि त्यांतली एक आहे ‘कऱ्हाड’. त्यातला आडवा रफार, म्हणजे ‘ऱ्ह’मधला ‘ऱ’, संगणकाला कमीत कमी तीन तऱ्हांनी सांगता येतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा एक संकेत आहे, तोच ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन संकेत जोडूनही लिहिता येतो, आणि काही कळफलक ‘र’, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारा एक जोडणारा संकेत देऊन तोच आकार उमटवतात. पडद्यावर तिन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच. मॅकची जुनी फाइल-प्रणाली नावं साठवताना संयुक्त संकेत सुटे करायची. विंडोज आणि लिनक्स दिलं तसं ठेवतात. गिट तर नावाकडे नुसत्या बाइट्सची माळ म्हणून पाहतं. परिणाम असा, की जुन्या यादीतली ‘कऱ्हाड’ नव्या रेपोत ‘सापडत नाही’, आणि नव्या रेपोत एक ‘कऱ्हाड’ ‘जादा’ निघते. मॅकसाठी गिटमध्ये २०१२ पासून यावर एक सेटिंग आहे, पण तिसऱ्या तऱ्हेवर त्याचा काही इलाज चालत नाही. ताडण्याआधी दोन्ही याद्यांतली नावं एकाच तऱ्हेत आणून घ्या, हा लेखकांचा सल्ला सोळा आणे बरोबर आहे. कोल्हापूर, सांगली निर्वेध जातात, कऱ्हाडला गाडी अडते.

आणि काही फायली हरवत नाहीत, विलीन होतात. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले आणि पुण्यातल्या मंडळींच्या हातून पुढे वाढलेले ‘लोहित’ टंक पाहा. सुरुवातीला हिंदी, कोकणी, मैथिली अशा भाषांचे टंक वेगवेगळे होते. लिपी एकच, आकारही बहुतांशी तेच, म्हणून पुढे ते ‘लोहित देवनागरी’त एकत्र आले. गोव्यातल्या कोणी जुन्या नावाने कोकणीचा टंक शोधला तर तो मिळणार नाही. इथे ‘गहाळ’ असा शेरा मारणं म्हणजे सरळ चूक. ‘अमक्यात समाविष्ट’ असं लिहायला हवं, आणि ते लिहायचं तर विलीन कधी आणि का केलं हे माहीत असलेला माणूस गाठायला हवा.

सगळी छाननी संपल्यावर काही फायली खरोखरच गेलेल्या निघतात. त्यांचं काय करायचं, यावर मतभेद आहेत आणि माझं मत पक्कं आहे. कोणाच्या तरी घरी जुनी सीडी सापडते, तिच्यावर त्याच नावाची फाइल असते. मोह असा होतो, की रूपांतर चालू असतानाच ती २००३ च्या कमिटमध्ये सारून द्यावी. टॅग पूर्ण दिसेल, बिल्ड होईल, साहेब खूश. हे करू नये. ती सीडी २००३ ची असली तरी तीच फाइल त्या दिवशी गिऱ्हाइकाला गेली होती, याला पुरावा काय? ती घालायचीच असेल तर आजच्या तारखेने, आपल्या नावाने, वेगळ्या कमिटमध्ये घाला आणि कुठून आणली ते लिहा. ‘पण मग जुना टॅग बिल्ड होत नाही’ असा आक्षेप येतो. बरोबर आहे, होत नाही. फाइल उडाल्यापासून तो जुन्या रेपोतूनही होत नव्हता. नव्या इतिहासाने जुन्यापेक्षा जास्त शहाणं दिसायचं कारण नाही.

या बाबतीत पुण्याला बाहेरून धडे घ्यायची गरज नाही. नदीपलीकडे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते, १९३३ मध्ये आदिपर्व पुरं झालं आणि सगळा ग्रंथ १९६६ मध्ये. त्यासाठी साडेबाराशेच्या वर हस्तलिखितं गोळा झाली. कशाची सुरुवातीची पानं नाहीत, कशाचा शेवट नाही, कशात मधलंच गायब. सुकथनकरांनी काय केलं? जिथे पाठ निश्चित नाही तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. सगळ्या शाखांत न सापडणारे श्लोक संहितेबाहेर काढले, पण टाकले नाहीत. तारांकित करून तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहून घ्यावं ही कथाही या न्यायाने परिशिष्टात गेली. गणपतीच्या गावात बसून गणपतीला परिशिष्टात पाठवायचं धाडस ज्यांनी केलं, त्यांच्या गाववाल्यांना एक दरपत्रकाची फाइल ‘नाही’ म्हणून लिहायला जड जाऊ नये. नागमोडी रेघेची सोय गिटमध्येही आहे : कमिटचा संदेश आहे, मागाहून जोडता येणाऱ्या टिपा आहेत, आणि काहीच नाही तर मुळाशी ‘गहाळ’ नावाची साधी मजकुराची फाइल आहे.

गहाळ फायलींची ही यादी रूपांतराच्या आधी तयार हवी, यामागे एक तांत्रिक कारण आहे. गिटमधल्या प्रत्येक कमिटची ओळख ही त्यातला मजकूर आणि आधीच्या कमिटची ओळख यांच्यावरून गणिताने काढलेली असते. सगळे लोक नव्या रेपोवर काम करू लागल्यावर मागे २००३ मध्ये एक फाइल घातली, तर तिथून आजपर्यंतच्या एकूण एक कमिटची ओळख बदलते. मग प्रत्येकाच्या यंत्रावरची प्रत निरुपयोगी. पोस्टग्रेस प्रकल्प सप्टेंबर २०१० मध्ये सीव्हीएसवरून गिटवर आला तो या सगळ्याचा विचार करून. फाटे फुटल्यानंतर भर पडलेल्या फायलींनी तिथेही डोकेदुखी केलीच. जीसीसी हा कंपायलर-प्रकल्प जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जनवरून गिटवर आला. तेवढा मोठा इतिहास नीट नेण्यासाठी रिपोसर्जन हे शस्त्रक्रियेचं साधन वापरावं लागलं.

आणि इतिहास नेऊच नये, हाही एक मार्ग आहेच. लिनक्सचं कर्नल एप्रिल २००५ मध्ये बिटकीपर नावाच्या साधनातून गिटमध्ये आलं, तेव्हा त्याचे जनक टोरवाल्ड्स यांनी जुना इतिहास हाताशी असून मुद्दाम बाहेर ठेवला; २.६.१२-आरसी२ या अवस्थेपासून नवा रेपो सुरू केला, आणि पहिल्याच कमिटच्या संदेशात तसं लिहिलं. जुना इतिहास इतरांनी वेगळ्या रेपोत सांभाळला. हवा असेल त्याला तो मागे जोडून घेता येतो. लहान ऑफिसांना मी हाच मार्ग जास्त सुचवेन. जुना रेपो फक्त वाचण्यापुरता ठेवा, तो वाचणारं साधनही त्याच्याशेजारी जपून ठेवा, आणि नव्याची सुरुवात स्वच्छ करा. दोघे लेखक या मताचे नाहीत. त्यांच्या मते पाच वर्षांनी जुनं साधन कोणत्याच यंत्रावर चालणार नाही, आणि मग सगळाच इतिहास पुरात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यांनी ज्या रेपोंवर काम केलं ते मोठ्या कंपन्यांचे होते, तिथे या कामाला माणूस वेगळा बसवता येतो. दोन खोल्यांच्या ऑफिसात तोच माणूस सपोर्टचे फोनही घेतो.

घाईत असणाऱ्यांनी पहिली दोन प्रकरणं सोडून थेट टॅग ताडण्याच्या प्रकरणाकडे जावं. तिथली स्क्रिप्ट प्रत्येक टॅग दोन्हीकडून बाहेर काढते आणि फोल्डर फोल्डरशी पडताळते. पहिल्या फेरीत ती हजारो फरक दाखवील, घाबरू नये. त्यातले बहुतेक ओळींच्या शेवटाचे आणि फाइलीच्या डोक्यावर आपोआप छापल्या जाणाऱ्या आवृत्ती-क्रमांकांचे असतात, आणि ते कसे वगळायचे हे लगेच पुढच्या पानावर आहे. उरतील त्यांच्यासाठी शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे : फाइलीचं नाव, कोणत्या टॅगपासून नाही, कारण, कोणाला विचारलं. चौथा रकाना लेखकांनी अरुंद ठेवला होता. तो मी मुद्रितं तपासताना रुंद करून घेतला, कारण तिथे एकच नाव कधी मावत नाही. पहिला माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि दुसरा अमेरिकेत असतो.